बाग गेलेल्या माणसाला गोष्टीनं काय होतं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलं आहे:

"फेब्रुवारीच्या शेवटी गारा पडल्या आणि तोडणीला आलेली अडीच एकर द्राक्षबाग अर्ध्या तासात गेली. वेली वाचल्यात, माल सगळा मातीत. सोसायटीचं कर्ज आहे, औषधवाल्याची उधारी आहे. तेव्हापासून आमचे आप्पा बोलत नाहीत. ओट्यावर बसून राहतात. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आली तरी 'कशाला करायची' एवढंच म्हणतात. आजी त्यांच्याजवळ बसून बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते, आणि आप्पा उठून गोठ्याकडे निघून जातात. मी सातपूरला कंपनीत कामाला आहे. मला आजीचा राग येतो. बुडालेल्या माणसाला पैसा लागतो, आजारी असेल तर डॉक्टर लागतो. गोष्टींनी काय होतं? माणसाला गोष्टी लागतातच कशाला?"

तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस. मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. त्यातली निम्मी वर्षं निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातल्या शेतकरी घरांमध्ये गेली. तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पण त्याआधी दुसरं बोलू, कारण ते थांबू शकत नाही.

आप्पा रात्री झोपतात का? जेवतात का? 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही बोलले आहेत का? बँकेची कागदपत्रं कुणाच्या हवाली करणं, देणी-घेणी एका कागदावर लिहून ठेवणं, असं काही अचानक सुरू झालंय का? तुला शंका असेल तर त्यांना सरळ विचार, "आप्पा, जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. शिरलेला असला तर बाहेर येतो. फवारणीची सगळी औषधं आजच घरातून आणि शेडमधून हलव, कुलूप लावून किल्ली तुझ्याकडे ठेव. हे एवढं छोटं काम जीव वाचवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. महिना उलटूनही त्यांची झोप आणि भूक गेलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं, आणि औषध दिलं तर ते घ्यायला हवं. पंचनामा, विमा, सोसायटीकडून कर्जाचे हप्ते वाढवून घेणं, ही कामं तू अंगावर घे. पैशाच्या जागी गोष्ट चालत नाही. तू म्हणतोस ते याबाबतीत शंभर टक्के खरं आहे.

आता तुझा प्रश्न.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी चलचित्रफीत तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडतं-मिटतं असा एक चौकोन. आकार नुसते इकडून तिकडे सरकतात. ती ३४ जणांना दाखवून 'काय दिसलं ते लिहा' म्हणून सांगितलं. आकार सरकले, एवढंच लिहिणारी व्यक्ती एकच निघाली. बाकीच्यांना तिथं माणसं दिसली किंवा जिवंत प्राणी दिसले. मोठा त्रिकोण दांडगट, छोटा त्याच्याशी भांडतोय, वर्तुळ घाबरून घरात लपलंय.

या प्रयोगाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या समोर येऊन बसणारे लोक आठवले. काहीतरी हललं की माणसाचं मन लगेच विचारतं, हे कुणी केलं, का केलं, आता पुढं काय. ही सवय आपण लावून घेतलेली नाही, त्यामुळे ती सोडताही येत नाही. म्हणून 'माणसाला गोष्टी लागतात का' याच्या आधी मी तुला सांगेन की आप्पांकडे आत्ताही एक गोष्ट आहे. ती रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात चालू आहे. बहुधा अशी असेल: व्यापारी आठवडाभर आधी आला होता, भाव पटला नाही म्हणून मी थांबलो, माझ्या हावेनं घर बुडालं. गारा आभाळातून पडल्या हे त्यांनाही कळतं. पण आभाळाला विचारता येत नाही 'का केलंस', म्हणून मन सर्वांत जवळच्या माणसाला पकडतं. तो माणूस म्हणजे ते स्वतः.

आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, दळण. 'तेच तेच दळण दळू नको' असं आपण सहज म्हणून जातो. दळणात माणूस गोल फिरतो. थांबलो नसतो तर, थांबलो नसतो तर. गंमत बघ, त्याच जात्यावर ओवीही जन्मली. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसल्या की ज्या गोष्टी सासूला, नवऱ्याला, आईलासुद्धा सांगता येत नसत त्या गात असत. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात सासरचा जाच आहे, मेलेलं मूल आहे, दूर असलेला भाऊ आहे. दुःख तेच, दगडही तोच गोल फिरणारा. पण ओवीत एक ओळ झाली की पुढची यावी लागते, आणि समोर जातं ओढणारी दुसरी बाई असते. या दोनच गोष्टींनी दळणाची ओवी होते. पुढची ओळ, आणि ऐकणारं कुणीतरी.

अर्थ म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. माझ्या कामात मला तो फार साध्या रूपात भेटतो. लहान पोर गोष्ट ऐकताना 'मग?' विचारतं ना, तो 'मग?' जिवंत असला की माणसाच्या जगण्याला अर्थ असतो. खचलेल्या माणसाला विचारलं, "मग उद्या काय करणार?" तर तो तुझ्याकडे असा बघतो की उद्या हा शब्दच त्याला नवा आहे. त्याच्यासाठी गारपीट ही गोष्टीतली एक घटना राहिलेली नसते, ती शेवट झालेली असते. आप्पा 'कशाला करायची छाटणी' म्हणतात तेव्हा आळस करत नाहीत. संपलेल्या गोष्टीत कुणी छाटणी करत नाही, इतकं ते सरळ आहे.

मग आजीच्या गोष्टींनी 'मग?' का जागा होत नाही? इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. एका बाईचा एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. मी तिला दुसऱ्या एका आईची गोष्ट सांगितली, जिनं मुलाच्या जाण्यानंतर गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. गोष्ट खरी होती, मी मन लावून सांगितली. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, त्या बाईची गोष्ट झाली सांगून. मला आज रात्र काढायची आहे. ती बाई पहिल्या रात्री काय करत होती ते माहीत आहे का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मला शेवट आवडला होता, म्हणून मी शेवट उचलून आणला होता.

त्या दिवसानंतर मी शेवटाची गोष्ट सांगणं सोडलं. धीर शेवटातून येत नाही, तो मधल्या भागातून येतो. ज्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं त्या माणसानं त्या दिवशी काय केलं, चूल पेटवली का, कुणाशी बोलला का, रडला का, हे कळलं की ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं तर मीही करू शकेन. जिंकलेल्या माणसाची गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजवतो. चाचपडणाऱ्याची ऐकली की आपण जागचे उठतो.

आता आजीची गोष्ट बघ. ती काय सांगत असेल याचा मला अंदाज आहे, कारण या जिल्ह्यातल्या तिच्या वयाच्या कितीतरी बायकांकडून मी ती ऐकली आहे. बहात्तर साली पाऊस नव्हता, विहिरी आटल्या, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, पोरांना सुकडी मिळायची, आणि त्यातूनही आम्ही उभे राहिलो. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण ती पन्नास वर्षांत इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातली भीती गळून गेली आणि फक्त विजय उरला. आप्पांच्या कानावर ती अशी पडते: आम्ही एवढं सोसलं, आणि तू एका गारपिटीनं बसलास? आजीच्या मनात हे नसेल, ती पोटतिडकीनं सांगते आहे. पण खचलेल्या माणसाला विजयाची गोष्ट चाबकासारखी लागते. म्हणून ते गोठ्याकडे जातात. जनावरं तुलना करत नाहीत.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस साधे प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठं वाढले माहीत आहे का, आईवडील कसे भेटले, घरात कुणावर मोठं संकट आलं होतं का, अशासारखे. ज्या मुलांना घराची जास्त माहिती होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. ड्यूक यांचं पुढचं म्हणणं मला जास्त पटतं. काही घरांत 'आपण शून्यातून वर आलो' अशीच गोष्ट सांगतात, काही घरांत 'आपलं सगळं होतं आणि गेलं' अशी. सर्वांत बळ देते ती तिसरी, जिच्यात घर वर येतं, खाली जातं, पुन्हा वर येतं, आणि माणसं एकमेकांना धरून असतात. द्राक्षाच्या घरांना हे वेगळं शिकवायला नको. भाव, भुरी-डावणीसारखे रोग, अवकाळी, यांच्यात वीस वर्षं काढलेल्या प्रत्येक घराची गोष्ट तिसऱ्या प्रकारचीच असते. फक्त ती तशी सांगितली जात नाही.

एका घरात ती तशी सांगितली गेली तेव्हा मी तिथं होते. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आठवत असेल तुला, तू शाळेत असशील. निफाडकडचं घर. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगते. घरातला कर्ता माणूस, पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, तीन आठवडे जवळपास मुका. त्याची आई रोज बहात्तर सालचं सांगायची आणि तो रोज उठून जायचा. अगदी तुझ्या घरासारखं. मी त्या माउलीला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, त्या वर्षातला सर्वांत वाईट दिवस कुठला होता?" ती खूप वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते कुणाला सांगितलं नाही." मी म्हटलं, सांगायचं नसेल तर नका सांगू. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती लेकाजवळ ओट्यावर बसली होती, आणि त्याच्याकडे न बघता बोलत होती.

तिचा नवरा कामाच्या शोधात कल्याणकडे गेला होता, दोन महिने निरोप नव्हता. घरात दाणा नव्हता. हा लेक तेव्हा तीन-चार वर्षांचा. ती म्हणाली, "एक दिवस मी विहिरीवर गेले. पाणी आणायला नव्हते गेले. पाणी कुठं होतं विहिरीत. काठावर बसले. तुला झोपवून गेले होते."

लेकानं मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. म्हणाला, "मग?"

"मग काय. गाय हंबरली. तिला सकाळपासून पाणी दाखवलं नव्हतं. म्हटलं, आधी हिला पाजावं. शेजारच्या मळ्यातून हंडाभर मागून आणलं. तोवर तू उठलास."

एवढीच गोष्ट. त्यात उपदेश नाही, विजय नाही. तो माणूस रडला, त्याची आई रडली. त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला विचारलं, जनावरांना पाणी पाजलं का. मी तुला असं सांगणार नाही की सगळं त्या दिवशी ठीक झालं. त्याला पुढं आठ महिने औषध चालू होतं, कर्ज फिटायला कितीतरी वर्षं लागली. पण त्याच्या गोष्टीला 'मग' फुटला तो त्या ओट्यावर.

व्हिएन्नात थॉमस निडरक्रोटेन्थालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा अभ्यास केला. आत्महत्येच्या भडक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढलेल्या दिसतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यांना दिसलं ते दुसरं: मरणाच्या विचारापर्यंत जाऊन माघारी आलेल्या माणसांच्या गोष्टी छापून आल्या की त्या भागात आत्महत्या कमी झालेल्या होत्या. मोझार्टच्या एका संगीतिकेतल्या पात्रावरून याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला ती निफाडची माउली आठवली. आणि गावागावात कुणी गेलं की त्याची हकीकत किती चवीनं, किती बारकाव्यानं सांगितली जाते तेही आठवलं. गोष्ट औषधासारखी असते असं मी मानते, आणि औषधासारखीच ती चुकीची दिली तर मारतेही. तुझ्या घरात सध्या कोण काय सांगतंय यावर लक्ष ठेव. 'अमुक गावच्या अमुक माणसानं असं केलं' ही बातमी आप्पांच्या पुढ्यात कुणी चघळत असेल तर त्याला स्पष्टपणे थांबव.

आपल्या कीर्तनकारांना हे सगळं फार पूर्वी कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं, अभंग घेऊन तत्त्व सांगितलं जातं. पण कीर्तन तिथं संपत नाही. उत्तररंगात आख्यान लागतंच. नुसतं तत्त्व ऐकून माणूस मान डोलावतो. ते एखाद्या माणसाच्या अंगावरून जाताना दिसलं की त्याला घरी नेता येतं.

आणि आपलं नाशिक तर मधल्या गोष्टीचंच गाव आहे. रामकथा अयोध्येत सुरू होते, अयोध्येत संपते. पंचवटीत काय घडतं? वनवासाचा शेवटचा टप्पा, पर्णकुटी, आणि सीतेचं हरण. जिथं सगळं मोडतं ती जागा आपल्या वाट्याला आली. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला गुरुजी सांगतात की श्रीरामांनी इथंच दशरथाचं श्राद्ध केलं. ही परंपरेनं चालत आलेली श्रद्धा आहे, मी तिच्याकडे इतिहास म्हणून बघत नाही. मी त्या माणसाचा चेहरा बघते. हातात बापाची राख धरलेला तो मुलगा क्षणभरासाठी एकटा राहत नाही. त्याच्या आधी याच पाण्यात उभा राहिलेला एक मुलगा त्याला दिसतो.

तिथून थोडं वर काळाराम मंदिर. त्या दाराची दुसरी गोष्ट आहे, आणि धीर म्हणजे काय हे सांगायचं झालं तर मी तीच सांगते. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. इथली धुरा सांभाळणारे दादासाहेब गायकवाड तुझ्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. दारं बंद करून घेतली गेली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. बायकाही सत्याग्रहात होत्या. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि त्या सगळ्या काळात दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पण १९३० मध्ये उन्हात त्या दारासमोर बसलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला बंद दार दिसत होतं, आणि शेजारी बसलेला माणूस दिसत होता. त्या सत्याग्रहींच्या नातवंडांना मी भेटले आहे. 'आमचे आजोबा काळारामाला बसले होते' हे वाक्य ती ज्या ताठ मानेनं उच्चारतात ते ऐकण्यासारखं असतं. दार न उघडलेल्या दिवसाची गोष्ट तीन पिढ्यांना पाठीचा कणा देते, याचं उत्तर मला आकड्यांत सापडलेलं नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी आजीला आणि जमलं तर आप्पांना घेऊन पांडवलेणीला जा. आजीला चढवणार नाही कदाचित, मग तू एकटा जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख कोरला तो नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षी. तोवर लेक गेलेला होता, असं अभ्यासक मानतात. लेणं भिक्षूंना दान दिलं, त्याची ही नोंद. दानाची नोंद दोन ओळींत भागली असती. पण या म्हातारीनं लेकाची गोष्ट कोरून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. प्रजेच्या सुखदुःखात तो आपलं सुखदुःख मानत असे. अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. आणि या सगळ्या थोरवीच्या मध्ये, आईची सेवा त्यानं कधी खंडू दिली नाही, हेही. स्वतःबद्दल ती म्हणते, महाराजाची आई आणि महाराजाची आजी. मी पहिल्यांदा तो लेख कुणाकडून तरी समजून घेतला तेव्हा मला तिथं राज्ञी दिसली नाही. लेक गेलेली एक म्हातारी दिसली, जिला तो गेला यापेक्षा तो कसा होता हे मागं ठेवायचं होतं. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. मुंबई-आग्रा रस्त्यावरून ट्रक जात असतात आणि वर एक आई लेकाचं कौतुक सांगत बसली आहे.

तर आजीवर रागावू नको. तिच्याकडे घरातलं सर्वांत मोलाचं धन आहे, फक्त ती ते चुकीच्या टोकाकडून देते आहे. तिच्याशी तू बोल, आप्पांच्या मागं. तिला विचार की त्या वर्षी ती घाबरली होती का. मिलोची भाकरी कशी लागायची, पहिल्यांदा खडी फोडली त्या रात्री हाताला काय लावलं, कुणी मदत केली, कुणी दार लावून घेतलं. आजोबा तेव्हा बोलत होते का? घाई करू नको, एका बैठकीत हे निघत नाही. आणि ऐकताना हुंकार दे. जुन्या बायका सांगायच्या, हुंकाराशिवाय गोष्ट सांगू नये, ती वाट चुकते. समोरचा 'हं' म्हणत राहिला तरच गोष्ट पुढं सरकते, हे मी रोज खोलीत बसून बघते.

आप्पांना मात्र आत्ता कुठलीच गोष्ट सांगू नका, तूही नको, आजीही नको. त्यांची ऐकायची आहे. ओट्यावर समोरासमोर बसून 'बोला' म्हटलं तर ते बोलणार नाहीत. आपल्याकडचे पुरुष शेजारी चालताना बोलतात, हातात काम असलं की बोलतात. रविवारी त्यांच्यासोबत बागेत जा. उगाच धीर देऊ नको, 'होईल सगळं नीट' म्हणू नको, तुलाही ते माहीत नाही. विचार की ही बाग लावली ते वर्ष कुठलं, कलमं कुठून आणली, पहिला माल कुणाला दिला. बागेची गोष्ट लावणीपासून सुरू झाली की गारपीट तिच्या शेवटी न येता मध्ये येईल. व्यापाऱ्याचं, थांबल्याचं, ते येईलच. ते आलं की 'तुमचा काय दोष' असं घाईनं म्हणू नको. त्यांना पूर्ण सांगू दे. मग फक्त एवढं विचार, "मागच्या वेळी थांबलो होतो तेव्हा भाव मिळाला होता ना?" मिळाला असेल तर तेही त्यांनाच आठवू दे.

आणि तू? पत्रात तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे, सातपूरला कंपनीत आहे म्हणून. घर तुझंही आहे, बाग तुझीही होती. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणारे दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत आणखी एक दिसलं. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे ज्यांच्या दळणाची हळूहळू गोष्ट झाली त्यांना. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर लिहिलंस तरी चालेल. कुणाला दाखवायचं नाही. लिहून फारच जड वाटलं तर थांब आणि माणसाशी बोल, मला फोन कर.

छाटणीबद्दल एक राहिलं. एका जुन्या बागायतदारानं मला बागेत उभं करून दाखवलं होतं. जानेवारीत जो घड आपण बघतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसायला लागतो, पण धरतो तो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, नवी काडी आली की मे-जूनच्या सुमाराला तिच्या डोळ्यात घड तयार व्हायला लागतो. बाहेरून नुसती पानं दिसतात. मी त्यांना विचारलं, मग तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, कळत नाही, आपण आपलं पाणी देत राहायचं.

आप्पांना हे माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. म्हणून तू त्यांना हे सांगू नको. रविवारी बागेत गेलास की एका ओलांड्यापाशी, वेलीच्या आडव्या फांदीपाशी, थांब आणि विचार, "आप्पा, काडीत घड कधी धरतो? मला नीट सांगा ना एकदा." आणि जाताना दोन कात्र्या ने.